अडकित्त्याचा उन्हाळा

आज सकाळी दाराखालून तीन रंगीत कागद आत सरकले. तिन्हींवर हात जोडलेली माणसं, आणि तिघांचं हसू एकाच स्टुडिओत काढल्यासारखं. दूधवाल्याच्याही आधी आले, म्हणजे कार्यकर्ते या वेळी भल्या पहाटे कामाला लागलेले दिसतात. पालिकेची निवडणूक परत आली आहे. मधे इतकी वर्षं ती झालीच नाही की, नगरसेवक नावाचा माणूस नेमकं काय करतो हे क्लासमधल्या मुलांना मला दंतकथा सांगावी तसं सांगावं लागायचं. आता बोनकोड्याच्या आमच्या गल्लीत रिक्षावरचे भोंगे फिरतात, थंडीतल्या धुरक्यात पलीकडच्या पावणे गावातल्या कारखान्यांचा तो गोडसर, घशाला लागणारा वास येतो, आणि चहा गाळता गाळता माझा हात थांबतो.

मला जाहीरनामे वाचायची खोड आहे. लोक त्यावर कोथिंबीर निवडतात, कपाटाच्या फळ्यांवर अंथरतात. मी पेन्सिल घेऊन वाचते. मी एका खाजगी क्लासमध्ये मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवते, आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला इतकं वेड माफ असावं. प्रत्येक वचनापुढे मी दोनच प्रश्न लिहिते. हे करणं यांच्या हातात आहे का? आणि हे झालंच, तर कुणाच्या दारात येणार? मुलांना वाटतं परीक्षेत विचारतील म्हणून बाई घोकून घेतात. परीक्षेत हे कधीच विचारत नाहीत.

मागची निवडणूक ऐन उन्हाळ्यात होती. तेव्हा मी घणसोली गावात राहायचे, हिराकाकीच्या घरावरच्या खोलीत. मी आणि माझी धाकटी बहीण सुजाता. त्या उन्हाळ्याची आठवण पहिल्यांदा नाकाला येते. गल्लीभर सुकत घातलेला जवळा, खाडीची ओहोटी, नव्याने रंगवलेल्या भिंतीवरचा ऑइलपेंट, आणि दुपारी पत्रा तापला की खोलीत येणारा लोखंडाचा वास. गावात दोन घरांमध्ये एवढीच जागा असते की खिडकीतून हात काढला तर समोरच्यांची वाटी घेता येते. आम्ही घ्यायचोही. पलीकडे टॉवर उभे राहत होते आणि त्यांची सावली संध्याकाळी आमच्या गल्लीत यायची. तेवढाच त्यांचा आम्हाला उपयोग.

आम्ही मूळच्या परभणीकडच्या. मी आधी एकटी आले. सुजाता पदवी झाल्यावर आली आणि महाप्याला एका कंपनीत लागली. परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, त्यामुळे काम रात्रीचं. संध्याकाळी कंपनीची गाडी नाक्यावर यायची, सकाळी तिथेच सोडायची. आमचा मोठा भाऊ, अण्णा, गावी शेती आणि आईला बघायचा. सुजाताला इकडे धाडायला तो अजिबात राजी नव्हता. शेवटी येऊन आठवडाभर राहून गेला. हिराकाकीच्या हातचं बोंबलाचं कालवण जेवला, तिच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि जाताना मला म्हणाला, "ही बाई खाली आहे तोवर मला घोर नाही." याचा सरळ अर्थ असा होता की खोली होती म्हणून सुजाता इथे होती. खोली गेली की ती गावाला, आणि गावाला म्हणजे लग्नाला. हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

हिराकाकी गावातली जुनी आगरी बाई. नवरा वारलेला, एकुलती मुलगी उरणला दिलेली. तिच्या सासऱ्यांची भातशेती आणि मिठागर नव्या शहरासाठी गेलं, आणि उरलेल्या वाडीत नवऱ्याने एकावर एक मजला चढवला. गरजेपोटी बांधलेलं घर, असं त्याला सगळे म्हणतात. घर तिचं, जमीन तिच्या सासरच्या बापजाद्यांची, आणि कागदावर ते घर बेकायदा. अधूनमधून भिंतीवर नोटीस लागायची. काकी ती वाचता येत नसूनही रंगावरून ओळखायची आणि दोन दिवस जेवायची नाही. तिच्या गल्लीत अशी घरं सगळ्यांचीच होती, पण रात्रभर जागणारी तीच.

तर त्या उन्हाळ्यात लोकमर्यादा पक्ष नावाचा एक छोटा पक्ष आमच्या प्रभागात उगवला. त्याची निशाणी अडकित्ता. प्रचारात त्यांनी सुपाऱ्या वाटल्या, आणि त्यावरून गल्लीत जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. उमेदवार होता रमेश, हिराकाकीचा चुलत पुतण्या. आधी केबलचा धंदा, मग रेती-विटांचा, मग एकाएकी कपाळाला गंध आणि अंगात पांढरा सदरा. माणूस वाईट नव्हता. हे मी आजही म्हणेन, आणि म्हणताना जीभ अडखळते तरी म्हणेन.

त्यांचा जाहीरनामा पिवळ्या, खरखरीत कागदावर होता. मोठ्या पक्षांचे कागद चकचकीत, त्यात उड्डाणपूल आणि सायकल ट्रॅक. या कागदात माणसं होती. म्हातारे आई-वडील मुलांकडे राहत असतील त्या घराला घरपट्टीत सवलत. शाळेच्या वाटेवरचा दारूचा गुत्ता बंद. दुकानांवर ठळक मराठी पाट्या. गावच्या तळ्याची सफाई, जत्रेला पालिकेची मदत. मला ही वचनं आवडली होती. माझ्या आईनेही वाचून मान डोलावली असती. परंपरा धरून राहणाऱ्या माणसांची मला भीती वाटत नाही. मी अशाच माणसांमध्ये वाढले, त्यांनी मला वेळेवर जेवायला घातलं आणि वेळेवर रागावलं. पान उलटलं की मात्र आणखी तीन वचनं होती. गावठाणातलं एकही घर तुटणार नाही, सगळी घरं कायदेशीर करू. रात्री स्त्रियांना कामाला लावणाऱ्या कंपन्यांना परवाना नाही. आणि शेवटचं, गावातली खोली भाड्याने देताना ग्रामसमितीचा दाखला घ्यावा, खोली कुटुंबालाच द्यावी, एकट्या पुरुषांना वा स्त्रियांना देऊ नये.

दुपारी काकीच्या ओटीवर आगोटीची तयारी चालायची. पाऊस लागण्याआधी वर्षाचं सुकं भरून ठेवायचं, त्यासाठी जवळा निवडायचा. क्लासला सुट्टी असली की मीही बसायचे. तिथे पेपर वाचून दाखवणं हे माझं काम, आणि ते मी मोठ्या तोऱ्यात करायचे. त्या दिवशी काकीने पिवळा कागद माझ्यापुढे टाकला.

"बाय, वाच गो यो. घराचा काय लिवलाय ता आधी सांग."

मी वाचलं. घराचं आधी, मग सगळं. आणि क्लासमध्ये सांगते तसंच सांगितलं. गुत्ता बंद करणं यांच्या हातात थोडंफार आहे. पट्टीची सवलत निवडून आले तर होऊ शकेल. घरांचं मात्र पालिकेच्या एकट्या हातात नाही, ते वर मंत्रालयात आणि जमीन ज्यांच्या नावावर झाली त्यांच्याकडे अडकलंय. एक नगरसेवक त्यात काही करू शकत नाही, कितीही पुतण्या असला तरी.

"आन भारोत्र्याचा?" काकीने जवळ्यातला खडा बाजूला टाकत विचारलं. भाडोत्री म्हणजे आम्ही, हे तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

"त्याला कायदा नाही, काकी. पालिका असा नियम करूच शकत नाही," मी म्हणाले. "कोर्टात दोन मिनिटं टिकणार नाही."

हे मी अगदी बरोबर सांगितलं होतं. आजही कुठल्या परीक्षेत ते उत्तर लिहिलं तर पैकीच्या पैकी मार्क मिळतील.

सुजाता तेव्हा नुकती झोपून उठून जिन्यात बसली होती, केस पुसत. तिने खाली येऊन कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः वाचला. तिला दुसऱ्याने वाचून दाखवलेलं चालायचंच नाही. शाळेत असतानाही निकाल मी सांगितला तर रडायची, मला बघू दे म्हणून. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, यात मी दोनदा आहे. रात्रीची पण मीच आणि एकटी पण मीच."

काकी हसली. "तू कुटं एकटी? मी हाय ना खाली."

त्या रविवारी बुद्धवंदना झाल्यावर सेक्टरातल्या विहारात मी हा विषय काढला. आमची माणसं, कोकणातली, मराठवाड्यातली, बहुतेक जण भाड्याच्या खोल्यांतूनच पुढे गेलेली. मी कागद पुढे केला तर कुणी हातातही घेतला नाही. म्हणाले, त्या पक्षाचं डिपॉझिट जाणार, बाई. मोठ्या पक्षांचं काय ते वाचा. पाण्याचं बघा, विहाराच्या जागेचं बघा. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. जिंकू न शकणाऱ्या पक्षाचा कागद कशाला वाचायचा? मी स्वतः क्लासमध्ये तसंच शिकवत होते, आधी हातात काय आहे ते बघा. मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि खिचडीच्या रांगेत उभी राहिले.

मग एका संध्याकाळी रमेश स्वतः आला. काकीने त्याला चहा दिला, आम्हालाही खाली हाक मारली. तो पाटावर मांडी घालून बसला होता, घामाने सदरा चिकटलेला. प्रचारात खरंच राबत होता.

"बाई, तुमी शिकलेल्या. टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "ता तुमच्यासाठी नाय. बाहेरून कोन कोन येतात, रूम घेतात, काय धंदे करतात, गावाचा नाव खराब होतं. त्यांच्यासाठी हाय."

"आम्ही पण बाहेरूनच आलोय," सुजाता म्हणाली. ती कामावर जायच्या तयारीत होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"तू बहीन हायेस आपली."

"मग बहिणीला दाखला कोण देणार? तुम्हीच ना?"

रमेश हसला. त्याने चहा संपवला, काकीच्या पाया पडला आणि समोरच्या घरात शिरला. सुजाताची गाडी आली. तिच्या मागे जिन्यात तिच्या पावडरचा वास राहिला, आणि काकी बराच वेळ रिकामी कपबशी हातात धरून बसली.

गावकी म्हणजे काय हे बाहेरच्याला समजवायला जरा कठीण आहे. कागदोपत्री ती कुठेच नाही. पण गावदेवीच्या देवळात गावकी बसली आणि घराघरातल्या वडीलधाऱ्याने नारळावर हात ठेवला, की तो शब्द झाला. त्यावर पुन्हा बोलणं नाही. जमिनी गेल्या, शेतं गेली, मिठागरं बुजली, पण शब्द द्यायची ही रीत राहिली, आणि माझ्या मते ती त्यांनी जिवापाड जपली कारण जपण्यासारखं दुसरं फारसं काही उरलं नव्हतं. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात रमेशसाठी गावकी बसली. काकीच्या घरात पुरुष नाही, म्हणून हात तिने ठेवायचा. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती गेली. मी वरून बघत होते. परत आली ती सरळ जिना चढून आमच्या खोलीत आली, धाप लागलेली.

"शब्द दिलाय मी. देवीचे समोर. घरासाठी दिलाय गो," ती म्हणाली. मग तिथेच खाली बसत तिनेच पुढे म्हटलं, "त्यान तुमचा काय नाय. तुमी आमचे वरचे."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी भाडोत्री म्हणजे मागच्या चाळीतले, नाव माहीत नसलेले, दार लावून घेणारे लोक. आम्ही तिच्या दुखण्याखुपण्याला होतो, तिचा मोबाइल आम्ही चार्ज करायचो, तिच्या मुलीशी भांडण झालं की समेट मी करायचे. आम्ही त्या शब्दात बसतच नव्हतो. आता वाटतं, त्या गल्लीत प्रत्येक घराला एकेक असे वरचे होते, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे भाडोत्री डोळ्यांपुढे आणून नारळावर हात ठेवला.

निकालाच्या दिवशी रमेश तिसरा आला. फटाके दुसऱ्याच गल्लीत वाजले. लोकमर्यादा पक्षाचं ऑफिस होतं त्या गाळ्यात महिन्याभरात मोबाइल कव्हरचं दुकान लागलं. मी सुजाताला म्हणाले, "सुटलो." तिने उशीखालून एक डोळा उघडून मला विचारलं, "नक्की?"

सुटलो नव्हतो. जे राजकारण करतात त्यांच्या लेखी जाहीरनामा मतमोजणीच्या दिवशी मरतो. पण गावकीने तो जाहीरनामा म्हणून घेतलाच नव्हता. त्यांनी नारळावर हात ठेवला होता तो अख्ख्या कागदावर, आणि नारळ काही मतं मोजत नाही. हरलो म्हणून काय झालं, आपला शब्द आहे, आपल्या हातात असेल तेवढं आपण करायचं, असं देवळात ठरलं. मग हातात काय आहे ते त्यांनी बघितलं. गुत्त्याला पोलिसांचा वरदहस्त होता. पट्टीची सवलत पालिकेत. घरांचं आणि कंपन्यांच्या परवान्यांचं मंत्रालयात. उरलं ते एकच वचन, ज्याला ना कायदा लागत होता ना सत्ता. फक्त स्वतःचं दार लागत होतं, आणि दारं त्यांचीच होती. हरलेल्या रमेशला काहीतरी काम हवंच होतं. दाखले देणारी ग्रामसमिती उभी राहिली आणि तो तिचा प्रमुख झाला.

माझे दोन प्रश्न इथे तोंडावर आपटले. कुणाच्या हातात आहे, हे मी पालिकेची इमारत डोळ्यांपुढे ठेवून विचारत आले होते. छोट्या पक्षाला निवडून यावं लागतच नाही. त्याला फक्त एखादं वाक्य माणसांच्या घरात सोडून जायचं असतं.

पावसाच्या तोंडावर समितीचा निरोप आला. बाईंबद्दल हरकत नाही, बाई वयाने मोठ्या, शिकवतात. धाकटीचा कुणी जबाबदार पुरुष असेल त्याने येऊन सांगावं. मी चिडले, पोलिसांत जाते म्हणाले. काकी नुसती ओटीवर बसून राहिली. मी अण्णाला फोन करणार नव्हते. पण रमेशने केला. नंबर काकीकडे होता, अण्णाने काळजीपोटी स्वतःच देऊन ठेवलेला.

अण्णा आला. देवळाच्या मंडपात दुपारच्या वेळी त्याला खुर्ची दिली, सरबत दिलं. त्यांच्या वागण्यात कुठेही उणं नव्हतं. मी शेजारी उभी होते. समितीतला एक म्हातारा माणूस, ज्याच्या नातवाला मी फुकट शिकवलं होतं, अगदी मायेने म्हणाला, "पावने, तुमची बहीन रातची बाहेर असते. तुमास्नी म्हाईत हाय ना? आमी नाय बोलत वाईट. पन उद्या काय झाला तर गावाचे तोंडाला काळा."

अण्णाला सगळं माहीत होतं. गाडी कुठे येते, कधी सोडते, ड्रायव्हरचं नाव काय, हेही. पण परक्या गावात, देवळात, पाच-सहा पुरुषांपुढे कुणी आपल्या बहिणीबद्दल असं विचारलं की माहीत असलेलं सगळं तोंडातच राहतं. आमच्या बापजाद्यांना देवळाच्या पायरीवर कुणी खुर्ची दिली नव्हती. त्याला दिली होती, आणि तिच्यात तो चोरासारखा बसला होता. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. त्याने सरबताचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

"नेतो तिला," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे दहा दिवस मागून घेतले आणि खोल्या बघत फिरले. कोपरखैरण्याला, ऐरोलीला, टॉवरच्या सोसायट्यांत, बोनकोड्यात. तिथे कुणी पिवळा कागद पाहिलाही नव्हता. एजंट दार उघडायच्या आधी विचारायचे, "फॅमिली?" मी म्हणायचे, दोघी बहिणी. ते किल्ली परत खिशात टाकायचे. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने लिफ्टपर्यंत सोडायला येऊन इंग्रजीत सॉरी म्हटलं. आडनाव ऐकून गप्प झाले ते वेगळेच. तोवर मला वाटत होतं की ते वचन त्या पक्षाने शोधून काढलंय. त्यांनी फक्त ते छापलं होतं.

सुजाताने शेवटच्या दिवशी कंपनीचं ओळखपत्र परत दिलं, आणि त्याची निळी पट्टी तेवढी ठेवून घेतली. तिने भांडण केलं नाही. मला हे सगळ्यात जास्त लागलं, कारण ती भांडणारी मुलगी होती. काकीने जवळ्याचा डबा भरला, वर फडकं बांधलं, आणि रडत म्हणाली, "मी शब्द नाय मोरू शकत गो." सुजाताने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "घर सांभाळा, काकी." त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकले नाही. तिचं लग्न दिवाळीनंतर झालं. सेलूकडचं घर, मोठं, माणसांनी भरलेलं.

मीही त्याच पावसात गाव सोडलं. मला राहायची परवानगी होती, पण त्या परवानगीनेच राहवेना. पुढे बोनकोड्याला ही खोली मिळाली, एकटी शिकवणारी चाळिशीतली बाई चालेल म्हणून.

आज आलेल्या तीन कागदांत तिन्हींनी गावठाणातली घरं कायदेशीर करू म्हटलंय. तेच वाक्य, फक्त कागद बदललाय. काकीचं घर आजही बेकायदा आहे. लोकमर्यादा पक्ष कधीच एका मोठ्या पक्षात विरघळला, रमेश त्यांच्याकडे पदावर आहे. तिसऱ्या कागदावर, सीसीटीव्ही आणि उद्यानाच्या मधे, एक ओळ आहे. सुरक्षित वस्तीसाठी भाडेकरूंची स्थानिक समितीमार्फत शहानिशा. इतकी सभ्य ओळ की कुणी तिच्यापाशी थांबणारही नाही. मी पेन्सिलीने खूण केली, पण पुढे प्रश्न लिहिले नाहीत.

आणि दुपारी काकीचा फोन आला. अधूनमधून येतो. आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती ओरडून बोलते.

"बाय, चिठ्ठ्या आल्यान तुमच्या. मताच्या. ये नि घेऊन जा."

माझं नाव अजून घणसोलीच्याच यादीत आहे, ते बदलायचं राहून गेलं होतं. पण तुमच्या म्हणजे? मी गेले. गल्ली आणखी अरुंद झाली आहे, घरं आणखी उंच. वरच्या खोलीत आता एक कुटुंब राहतं. जिन्यात त्यांचे बूट होते आणि आतून नवरा-बायकोचं भांडण ऐकू येत होतं. काकी ओटीवर बसली होती, तिच्या मुठीत दोन चिठ्ठ्या. एक माझी. दुसरी सुजाताची, माहेरच्या नावाने, घर क्रमांकासकट.

"ही अजून कशी?" मी विचारलं.

"यादीवाला येतो ना, वरसा-दोन वरसान. इचारतो, या दोगी हायेत का? मी सांगतला, हायेत. वरती रातान." तिने चिठ्ठ्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि मूठ मिटवली. "दर टायमाला सांगतला. येल का गो ती, मत द्यायला?"

देवीपुढे दिलेला शब्द न मोडणारी ही बाई सरकारी माणसाशी इतकी वर्षं खोटं बोलत आली होती. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. तिच्याशेजारी बसून तिथूनच सुजाताला फोन लावला. वाटलं, ऐकून ती हसेल तरी. निदान रागावेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"काढायला सांग ताई ते नाव," ती म्हणाली. "इथे लावायचंय. पंचायत समितीला मोठे दीर उभे राहणार आहेत. घरातली सगळी मतं लागतील म्हणतात. ह्यांनी आधार कार्ड नेलंय माझं."

काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं.

"कुठल्या पक्षाकडून उभे राहतायत?" मी विचारलं.

"आले," सुजाता तिकडे कुणाला तरी म्हणाली, आणि मग मला.

"ते मला कुणी सांगितलं नाही, ताई."